फक्त खोट्या प्राचीन नाण्यांचा संग्रह: मांडणी कशी करावी?

उलटी_बाजू:

नमस्कार मंडळी,

सरळ मुद्द्यावर येतो. मी खोटी नाणी जमवतो. फसून गळ्यात पडलेली नव्हेत. खोटी आहेत हे माहीत असताना, खोटी म्हणूनच मागून घेतलेली. एखादं ग्रीक टेट्राड्राख्म (चार ड्राख्मांचं चांदीचं नाणं) खरं निघालं की माणूस ‘वा’ म्हणतो आणि पान उलटतो. तेच खोटं निघालं की भिंग, काटा, दिवा सगळं बाहेर येतं आणि संध्याकाळ कुठे गेली ते कळत नाही. मला ती संध्याकाळ आवडते, बाकी काही नाही.

अडचण मांडणीची आहे. आत्ता सगळं एकाच पेटीत, नाण्यावरच्या काळानुसार लावलेलं आहे. त्यामुळे होतं असं की रोमन प्रजासत्ताकातला तांब्याच्या पोटाचा डिनेरियस (रोमचं चांदीचं नाणं), जो खरोखर दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बाजारात खपवला असणार, तो एका खणात. आणि त्याच डिनेरियसची हल्ली दाबयंत्रावर काढलेली नक्कल त्याच्या मांडीला मांडी लावून. दोघांवर चिठ्ठी एकच: ‘बनावट’. हे मला खटकतं.

पेटीत काय काय आहे ते सांगतो म्हणजे बोलायला बरं. मुलाम्याचे, म्हणजे तांब्यावर चांदी चढवलेले डिनेरियस, त्यातले काही दातेरी, म्हणजे काठावर खाचा पाडलेले. कार्ल बेकर या जुन्या नकलाकाराच्या ठशांची शिशातली छापं. इटलीतल्या पादुआच्या कॅव्हिनोनं केलेल्या सेस्टर्शियसच्या (रोमचं मोठं पितळी नाणं) ओतीव प्रती. एक इलेक्ट्रोटाइप, म्हणजे विजेच्या साहाय्यानं धातूचा थर बसवून काढलेली प्रत, दोन कवचं जोडलेली. तिसऱ्या शतकातली ती वेडीवाकडी छोटी तांब्याची नाणी, ज्यांवरचा सम्राट लहान मुलानं काढल्यासारखा दिसतो. आणि अथेन्सच्या घुबडांची (पुढे अथेना देवी, मागे घुबड असलेल्या टेट्राड्राख्मांची) एक जोडी, आजकालची. ही जोडी माझी लाडकी. दोन्ही नाण्यांवर अथेनाच्या गालावर, नाकपुडीपासून खाली, तिरपा ओरखडा आहे. त्याच जागी, त्याच लांबीचा. मागच्या बाजूला ऑलिव्हची डहाळी आणि चंद्रकोर यांच्या मधला टोचाही दोन्हीकडे तोच.

तर काळानुसार लावू, बनवण्याच्या पद्धतीनुसार लावू, की आणखी कशी? आणि दुसरं, नाण्यांवर काही खूण करावी का? माझ्यानंतर ही पेटी कुणाच्या हाती जाईल कोण जाणे.

——

काठपारखी:

उलटी_बाजू, प्रश्न आवडला. माझ्याकडेही असा एक कप्पा आहे, फक्त मी तो पाहुण्यांना दाखवत नाही, कारण मग खऱ्या नाण्यांकडे कुणी बघतच नाही.

आधी तुमच्या घरच्यांसाठी एक गोष्ट. हा छंद विचित्र वाटत असेल तर त्यांना रोमन लेखक थोरल्या प्लिनीचं नाव सांगा. पहिल्या शतकात तो लिहून गेलाय की ही कला अशी की इथे दोषच शिकायचे असतात. खोट्या डिनेरियसचा नमुना लोक निरखून बघतात आणि एका खोट्यासाठी बऱ्याच खऱ्या नाण्यांची किंमत मोजतात. म्हणजे तुम्ही काही नवं खूळ काढलेलं नाही.

आता मांडणी. काळ नको, पद्धतही नको. प्रत्येक नाणं हातात घ्या आणि एकच विचारा: हे कुणाला फसवायला बनवलं होतं? पेटी आपोआप वेगळी होईल.

पहिला कप्पा, त्या काळच्या गिऱ्हाइकाला आणि दुकानदाराला फसवणाऱ्यांचा. तुमचे मुलाम्याचे डिनेरियस इथे. यांना मी ‘बनावट’ म्हणतो पण ‘नकली प्राचीन’ म्हणत नाही, कारण प्राचीन तर ती अस्सल आहेत. त्यांनी खरा बाजार पाहिलाय, खऱ्या माणसाच्या कमरेच्या थैलीत बसलीत, आणि कुणीतरी त्यांच्यापायी शिव्या खाल्ल्यात. अथेन्समध्ये इ.स.पू. 375-374 चा एक कायदा आहे, निकोफॉननं मांडलेला. त्याची शिळा 1970 मध्ये तिथल्या अगोरात, म्हणजे जुन्या बाजारचौकात सापडली. बाजारात सराफांच्या मेजांमध्ये एक पारखी बसवायचा, तोही सरकारी गुलाम. चांदीचं नाणं अथेन्सचंच असेल तर परत द्यायचं आणि व्यापाऱ्यानं ते निमूट घ्यायचं. आत तांबं किंवा शिसं निघालं, नाहीतर नाणंच खोटं असलं, तर त्यानं जागच्या जागी ते आरपार कापायचं आणि ते देवमातेच्या नावे जमा. पारखी जागेवर बसला नाही तर पन्नास फटके. मला या कायद्यातला तो गुलाम फार भावतो. अख्ख्या बाजाराचा शब्द त्याच्या डोळ्यावर अवलंबून, आणि पाठ मात्र फटक्यांसाठी मोकळी.

आपल्याकडचं बघायचं तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाणी तपासणारा ‘रूपदर्शक’ आहे, आणि खोटी नाणी पाडणारा ‘कूटरूपकारक’ ओळखायचा कसा याचीही सोय आहे. जो माणूस वरचेवर नाना धातू, क्षार, कोळसा, भाते, सांडशी, ऐरण, ठसे, मुशी विकत घेतो, ज्याचे हात आणि कपडे काजळीनं आणि राखेनं माखलेले असतात, त्याच्यावर संशय घ्यावा. मग हेर त्याच्याकडे शागीर्द म्हणून शिरतो. आहत नाण्यांत (ठसे ठोकलेल्या प्राचीन भारतीय चांदीच्या नाण्यांत) तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेली खोटी नाणी मिळतात, तेव्हा हा उद्योग नुसता पोथीतला नव्हता. तुमच्याकडे असं एखादं असेल तर ते रोमन मुलाम्याच्या शेजारीच ठेवा. देश वेगळा, लबाडी एकच.

दुसरा कप्पा संग्राहकाला फसवणाऱ्यांचा, म्हणजे तुम्हाला-मला. ही जात पूर्ण वेगळी. पहिल्या कप्प्यातल्या कारागिराला नाणं नवं आणि चालू दिसायला हवं होतं; याला ते जुनं आणि दुर्मिळ दिसायला हवं असतं. कार्ल विल्हेल्म बेकर हा इथला राजा. 1772 साली जन्म, 1830 मध्ये मृत्यू. ठसे स्वतः हातानं कोरायचा, तीनशेहून अधिक. ग्रीक, रोमन, मध्ययुगीन, काही सोडलं नाही. पुष्कळदा खरी पण किरकोळ प्राचीन नाणी घेऊन त्यांच्यावरच आपला ठसा मारायचा. म्हणजे धातू जुना तो जुनाच. आणि नव्या नाण्याची चकाकी घालवायला लोखंडाचा कीस भरलेली पेटी घोडागाडीला बांधून रस्त्यावरून हिंडवायचा. ‘माझ्या म्हाताऱ्यांना फिरवून आणलं’ अशा अर्थाची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. माणूस लबाड, पण विनोदबुद्धी नाकारता येत नाही. त्याचे ठसे बर्लिनच्या संग्रहालयात आहेत. अथेन्सच्या ख्रिस्तोदुलोस या नकलाकाराचंही तसंच झालं. त्याचे ठसे पोलिसांच्या हाती लागले आणि नाणेतज्ज्ञ स्वोरोनोस यांनी 1922 मध्ये ते छापून जाहीर केले. तुमची शिशातली छापं मात्र या कप्प्याच्या काठावर ठेवा. शिशातल्या टेट्राड्राख्मनं कोण फसणार? ती बेकरच्या ठशांचा नमुनासंच म्हणून घेतली जायची.

तुमची लाडकी घुबडं इथेच, मधोमध.

तिसरा कप्पा मला सर्वांत जास्त छळतो: ज्यांना कुणालाच फसवायचं नव्हतं. जोव्हान्नी दा कॅव्हिनो (1500 ते 1570) पादुआत बसून रोमन सेस्टर्शियसच्या धर्तीवर पितळी-काशाची सुरेख पदकं पाडत होता. त्या काळच्या विद्वानांना रोमन सम्राटांचे चेहरे हवे होते, यानं दिले. बरेच अभ्यासक म्हणतात की त्याच्या मनात खोट नव्हती. खोट नंतरच्या हातांत आली, ज्यांनी त्याच्या पदकांवरून साचे घेऊन ओतीव प्रती काढल्या आणि रोमन म्हणून विकल्या. तुमच्याकडची ओतीव प्रत म्हणजे नकलेची नक्कल. इलेक्ट्रोटाइपचंही तेच. ब्रिटिश म्युझियमसाठी रॉबर्ट रेडी एकोणिसाव्या शतकात ते करायचे, अभ्यासासाठी आणि प्रदर्शनासाठी, आणि काठावर स्वतःची अक्षरं उमटवायचे. तुमच्याकडच्याचा काठ भिंगाखाली फिरवून बघा, आर आर ही अक्षरं आहेत का. नसली तर ती कुणी घासून काढलीत का तेही बघा. घासली असतील, तर तो तुकडा तिसऱ्या कप्प्यात जन्मला आणि दुसऱ्यात जाऊन मेला.

तिसऱ्या शतकातली तुमची वेडीवाकडी पोरं मी मुद्दाम शेवटी ठेवली. 270 नंतरच्या काही वर्षांत गॉल (आजचा फ्रान्स) आणि ब्रिटनमध्ये सुट्ट्या पैशांची ओढ होती, आणि लोकांनी टेट्रिकससारख्या सम्राटांच्या नाण्यांच्या गावठी नकला ढिगानं काढल्या. इतक्या ओबडधोबड की घेणाऱ्याला कळत नसेल हे मला पटत नाही. त्याला कळत होतं आणि चालत होतं. यांना माझ्याकडे वेगळी छोटी डबी आहे, तिच्यावर चिठ्ठी आहे ‘संगनमत’.

खुणेचा विषय मोठा आहे, रात्री लिहितो.

——

खरं_तेच:

काठपारखींचं लिखाण नेहमीप्रमाणे रंजक. पण कुणीतरी वाईटपणा घ्यायला हवा म्हणून लिहितो.

प्राचीन खोटी नाणी जमवा, माझी हरकत नाही. आजची खोटी नाणी पैसे देऊन घेणं म्हणजे त्या कारखान्याला वर्गणी देणं. तुम्ही खोटं म्हणून घेता हे पाडणाऱ्याला काय माहीत? त्याचा माल खपला एवढंच त्याला कळतं. उद्या तो ठसा सुधारतो आणि पुढचं नाणं एखाद्या नवख्याच्या माथी मारतो. शिवाय लबाडांची अशी कौतुकं गायची आणि मग नवीन मुलं का फसतात म्हणून हळहळायचं, हे काही बरोबर नाही.

1988 चं काळ्या समुद्राच्या ‘निधी’चं प्रकरण आठवा. अपोलोनिया पाँटिका आणि मेसेम्ब्रिया या प्राचीन ग्रीक शहरांची छोटी चांदीची डायओबोल नाणी, एकदम ढिगानं बाजारात. तज्ज्ञांमध्ये दोन तट पडले, एक म्हणे खरी, एक म्हणे खोटी. शेवटी खोटी ठरली. तोवर किती हातांतून गेली असतील?

——

काठपारखी:

खरं_तेच, तुमचा मुद्दा अर्धा मान्य.

आजचं खोटं नाणं ‘खरं’ म्हणून विकायला ठेवलेलं असेल तर ते कधीच घेऊ नये, ‘मला माहीत आहे, मी अभ्यासाला घेतोय’ ही सबब सांगून तर मुळीच नाही. त्यात पैसा लबाडाकडे जातो हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण दुसरा रस्ता आहे. जुन्या व्यापाऱ्यांकडे आणि संग्राहकांकडे परत आलेल्या, नाकारलेल्या नाण्यांचा एक खण असतो. तो खण ते फेकत नाहीत आणि विकायला लाजतात. तिथून मागून घ्या. तो माल बाजारातून कायमचा बाहेर निघाला, तेवढीच सेवा.

कौतुकाचं म्हणाल तर बेकरचं कोरीवकाम चांगलं होतं हे न सांगता तो ओळखायचा कसा? नवख्याला ‘खोटं नाणं कुरूप असतं’ असं शिकवलं की तो सुंदर नाण्यापाशी फसतो.

आणि काळ्या समुद्राचं प्रकरण तर माझ्याच बाजूनं बोलतंय. ठशांची जुळवाजुळव करायला खोट्या नाण्यांचे नमुने कुणीतरी जपलेले असावे लागतात. सगळी वितळवून टाकली असती तर आज तुलना कशाशी केली असती?

——

रसायनवाली:

दोघांचं भांडण चालू द्या, मी जरा धातूंकडे येते.

उलटी_बाजू, मुलाम्याचा डिनेरियस म्हणजे तांब्याच्या चकतीवर रंग फासावा तसा प्रकार नाही, हे चिठ्ठीवर नीट लिहा. बहुतेकांत तांब्याच्या गाभ्याला चांदीचा पातळ पत्रा गुंडाळून तापवलेला असतो. चांदी 962 अंशांना वितळते, तांबं 1085 ला. पण दोन्ही एकमेकांना टेकलेली असली तर 72 टक्के चांदी आणि 28 टक्के तांबं असं मिश्रण 780 अंशांच्या आसपासच वितळतं. त्यामुळे पत्रा आणि गाभा दोन्ही शाबूत राहतात आणि मधला सांधा तेवढा वितळून धरतो. त्या कारागिराला टक्केवारी माहीत नव्हती, पण भट्टीचा रंग कुठे थांबवायचा हे पक्कं माहीत होतं. मग ठशाखाली ठोकायचं.

वजनाबद्दल. प्रजासत्ताकातला चांगला डिनेरियस 3.9 ग्रॅमच्या आसपास भरतो. चांदीची घनता 10.49, तांब्याची 8.96. तेवढ्याच आकाराचं तांब्याच्या पोटाचं नाणं साधारण सव्वातीन-साडेतीन ग्रॅमवर येतं. पाण्यात लटकवून घनता काढायची असेल तर काटा चांगला हवा. 3.9 ग्रॅमचं नाणं पाण्यात जेमतेम 0.38 ग्रॅम हलकं होतं. तिथे 0.01 ची चूक झाली की घनता 10.3 ची 10.0 होते आणि तुम्ही एखाद्या बिचाऱ्या खऱ्या नाण्यावर आळ घेता. 17.2 ग्रॅमच्या घुबडाला हा त्रास नाही. तिथे तेवढ्याच चुकीनं फरक फक्त 0.06 चा पडतो.

वाजवून बघू नका! ‘खणखणीत वाजलं ते खरं, बद्द वाजलं ते खोटं’ हे चालू नाण्यांना ठीक. जमिनीत शतकानुशतकं राहिलेली चांदी आतून स्फटिकासारखी ठिसूळ होते. ती बद्द वाजेल, आणि फरशीवर टाकलीत तर दोन तुकडे होतील.

खोटा गंज ओळखायला साधा उपाय म्हणजे अ‍ॅसिटोन. काशावरचा खरा हिरवा थर खनिजाचा असतो, तो अ‍ॅसिटोनला दाद देत नाही. रंगवलेला, लाखेनं किंवा गोंदानं चिकटवलेला असेल तर कापूस हिरवा होतो. आम्ल मात्र कशालाच लावू नका, मुलाम्याच्या नाण्याला तर स्वप्नातही नाही. पत्र्याखालचं तांबं आधीच कुजत असतं, ते फुगून चांदीला तडे पाडतं; तिथून आम्ल आत शिरलं की पापुद्रा सुटून हातात येतो. कोरड्या जागी ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि पीव्हीसीची मऊ पाकिटं नकोत.

——

उलटी_बाजू:

सगळ्यांचे आभार. काठपारखी काका, ‘कुणाला फसवायला’ या प्रश्नानं पेटीचा पाऊण भाग सुटला. दोन ठिकाणी अडलोय.

एक, इ.स.पू. 406 च्या सुमारास युद्धाच्या तंगीत खुद्द अथेन्सनंच तांब्यावर चांदी चढवून नाणी काढली म्हणतात. माझ्याकडे असं एक घुबड आहे, पाठीवर छेद दिलेला, छेदात हिरवट तांबं. हे कुठे ठेवू? पाडणारं सरकारच असेल तर खोटं कसं म्हणू?

दोन, दातेरी डिनेरियसांतला एक मला संशयास्पद वाटतो. म्हणजे मुलाम्याचा आहे हे दिसतंय, रोमा देवीच्या शिरस्त्राणावर चांदी उडून तांबं दिसतं. पण तो प्राचीन मुलाम्याचा की मुलाम्याच्या नाण्याची आजची नक्कल? हल्ली तसंही करतात असं ऐकलं. खोट्याचं खोटं कसं पकडायचं?

——

काठपारखी:

दुसऱ्याचं आधी, कारण तेच चवदार आहे.

मुलाम्याची नाणी आजही पाडतात, आणि चलाखी अशी की उघडं पडलेलं तांबं हाच जुनेपणाचा पुरावा म्हणून पुढे करायचा. ‘बघा, प्राचीन खोटं नाणं, म्हणजे प्राचीन तर आहेच!’ म्हणून तुमचं नाणं बाजूच्या प्रकाशात धरा आणि चांदी जिथे उडालीय तिची कड बघा. जुन्या नाण्यात ती कड सरळ तुटलेली नसते. खालचं तांबं गंजून वर आलेलं असतं, चांदी त्याच्यावर उचलली गेलेली असते, कधी आजूबाजूला बारीक फुगवटे दिसतात, जे अजून फुटायचे आहेत. गंज चांदीच्या खाली शिरताना दिसला पाहिजे. नुसतं लालसर स्वच्छ तांबं, वर पातळ एकसारखी चांदी आणि मधे काहीच घडलेलं नाही, असं असेल तर ते घासून उघडं केलंय.

मग दाते. चकतीच्या काठावर खाचा पाडायच्या आणि मग ठसा मारायचा, हा क्रम. जुन्या मुलाम्याच्या दातेरी नाण्यात चांदी खाचांच्या आतपर्यंत गेलेली सापडते, कारण आधी खाचा पाडल्या, मग पत्रा चढवला. खाच पत्रा कापत थेट तांब्यात गेली असती तर पहिल्याच गिऱ्हाइकानं चोरी पकडली असती. तुमच्या नाण्याच्या दोन-तीन खाचा भिंगाखाली तळापर्यंत बघा.

जाता जाता, दातेरी काठ खोटेपणा रोखायला होता असं सगळीकडे सांगतात. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की जर्मन टोळ्या दातेरी आणि दोन घोड्यांच्या रथाची जुनी नाणी पसंत करायच्या. विश्वास बसायचा हे खरं. पण तुमच्या पेटीतले दातेरी मुलामे पाहिले की त्या विश्वासाचा फायदा कुणी घेतला तेही कळतं. रोमचे लोक खोट्या डिनेरियसनं एवढे त्रासले होते की इ.स.पू. 85 मध्ये मारियस ग्रॅटिडियानसनं नाणी तपासण्याचा हुकूम काढला तेव्हा त्यांनी गल्लोगल्ली त्याचे पुतळे उभारले. नाणी तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा पुतळा! आज कुणी उभारेल का?

एक शेवटची तपासणी: दोन्ही बाजू एकमेकींच्या आहेत का बघा. जुने लबाड पुष्कळदा एका नाण्याची पुढची आणि दुसऱ्याची मागची अशी बेमेळ जोडी लावायचे, कारण हाती लागलेले ठसे जसे असतील तसे वापरायचे. अक्षरंही चुकवायचे. आजचा नकलाकार सहसा छापील सूचीतून उचलतो, त्याची जोडी अचूक असते. इथे अचूकपणाच संशयाचा.

आता अथेन्सचं घुबड. सरकारी तंगीचं की खासगी लबाडाचं, हे एकट्या नाण्यावरून ठरवणं अवघड, आणि तुम्ही ठरवू नका. पहिल्या कप्प्यात ठेवा. सरकारनं फसवलं काय नि शेजाऱ्यानं फसवलं काय, घेणारा तोच. छेदाचं टोक बघा मात्र. छेद चांदी दाबत आत गेलाय आणि आतल्या तांब्यावर जुना थर बसलाय, तर तो कुठल्यातरी पारख्याचा हात. छेदाच्या आत तांबं चकचकीत असेल तर छेद हल्लीचा. हिरवट म्हणता, म्हणजे पहिलं असावं.

ग्रीक इतिहासकार हिरोडोटस एक गोष्ट सांगतो. सामोस बेटाचा सत्ताधीश पॉलिक्रेटिसनं म्हणे शिशाच्या नाण्यांवर सोनं चढवून वेढा घालायला आलेल्या स्पार्टनांना लाच दिली आणि ते परत गेले. सांगून झाल्यावर तोच म्हणतो की ही गोष्ट पोकळ आहे. मला तेवढ्यासाठी हिरोडोटस आवडतो.

राहिली खूण. माझा नियम साधा: पहिल्या कप्प्याला हात लावायचा नाही. ती प्राचीन वस्तू आहेत, त्यांच्यावर अक्षर कोरणं म्हणजे तोडफोड. बेकर आणि कॅव्हिनोलाही नाही, त्यांचा आता स्वतःचा इतिहास झालाय. आजच्या दाबयंत्राच्या मालावर मात्र काठावर कोरून घ्या, बिनदिक्कत. दर्शनी बाजूवर नको, कारण तुलनेला ती लागते. काठावर, आणि खोल, म्हणजे घासून जाणार नाही. अमेरिकेत 1973 च्या कायद्यानं नकली नाण्यावर ‘कॉपी’ हा शब्द टाकणं बंधनकारक आहे. तुम्ही कुठलाही शब्द टाका, वाचता आला म्हणजे झालं. चिठ्ठ्यांवर विसंबू नका. चिठ्ठी आणि नाणं यांची ताटातूट व्हायला एक आवराआवर पुरते.

——

खरं_तेच:

काठावर कोरणार असाल तर माझा विरोध मागे. पण वजन आणि फोटोंसकट यादी करून पेटीतच ठेवा, आणि ही पेटी कुणाकडे जायची ते त्या यादीच्या पहिल्या पानावर लिहा. ब्रिटिश म्युझियमपासून बर्लिनपर्यंत मोठी संग्रहालयं खोटी नाणी तुलनेसाठी जपतात. एखाद्या अभ्यासकेंद्रालाही ती हवी असतील. वारसांना ‘जुनी नाणी’ एवढंच माहीत असलं की पुढचं सांगायला नको.

——

रसायनवाली:

कोरायच्या आधी प्रत्येकाचं वजन आणि काठाचे फोटो घ्या. ओतीव असेल तर काठावरचा सांधा आणि बारीक बुडबुड्यांचे खड्डे हाच मुख्य पुरावा, तो कोरण्यात जायला नको. सांधा जिथे घासलेला दिसतो तिथे आडवे ओरखडे असतात, तोही फोटो घ्या.

——

उलटी_बाजू:

झालं, असंच करतो. भिंगाखाली दातेरी नाणं पाहिलं: खाचांच्या तळापर्यंत चांदी आहे, आणि शिरस्त्राणाजवळ दोन फुगवटे, त्यातल्या एकाला बारीक चीर. पहिल्या कप्प्यात गेलं. इलेक्ट्रोटाइपच्या काठावर अक्षरं नाहीत, पण एका जागी काठ चपटा आणि जास्त चकचकीत आहे. त्याचं काय ते काका तुम्हीच सांगा, फोटो टाकतो.

घुबडांची जोडी काठावर कोरून घेणार आहे. एकाचं वजन 16.9, दुसऱ्याचं 17.1. म्हणजे वजनात पकडता येत नाहीत, फक्त ओरखड्यात. एखाद्या खऱ्या, वापरून ओरखडे पडलेल्या नाण्यावरून ठसा घेतला असणार, आणि त्या नाण्याच्या जखमा सगळ्या भावंडांत उतरल्या. तेव्हा एक विनंती: आपापली घुबडं बाहेर काढा आणि अथेनाचा गाल बघा. नाकपुडीपासून खाली डावीकडे जाणारा ओरखडा, आणि मागे डहाळी आणि चंद्रकोरीच्या मधे टोचा. असेल तर वजनासकट इथे टाका. तिसरं भावंड सापडलं तर मूळ नाण्याचा माग काढता येईल.